कबनूरच्या गाडीतलं पातळ ऑइल

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. कबनूरमधल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या आवारात जुन्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि महादू मिस्त्रींच्या हातात पाना होता.

"म्याडम, तुमचं सिंथेटिक ह्या गाडीला मानवलं न्हाय. डॅशबोर्डावरचा ऑइलच्या दाबाचा दिवा इझंना झालाय. इंजिन खोलाय लागतंय."

कारखान्याचे आणि गाडीचे मालक शौकतभाई बाजूला उभे होते. या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत. इंजिन एकदा खोललं की गाडी बहुधा भंगारातच जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी एका वंगण-कंपनीच्या कोल्हापूर ऑफिसात टेक्निकल सर्व्हिस पाहते, शिक्षण रसायनशास्त्राचं. या गाडीला सिंथेटिक मीच सुचवलं होतं. तक्रार आल्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, "गाडी जुनी होती एवढं लिहा आणि फाइल क्लोज करा." मी आधी गाडीतल्या ऑइलचं सॅम्पल मागवून तपासलं.

मिनरल, म्हणजे नेहमीचं ऑइल, कच्च्या तेलापासून शुद्ध करतात. त्यात लहानमोठे रेणू मिसळलेले राहतात. सिंथेटिकचे रेणू बरेचसे एकसारखे असतात, त्यामुळे तापल्यावरही ते आपला घट्टपणा अधिक टिकवतं. या घट्टपणाला आम्ही व्हिस्कॉसिटी म्हणतो. ती १४ च्या आसपास हवी होती, रिपोर्टमध्ये ९.८ होती, म्हणजे ऑइल पातळ झालं होतं. पेट्रोल मिसळलं असतं, तर तपासणीत ऑइलने कमी तापमानालाच पेट घेतला असता. तसं झालं नव्हतं. शिवाय झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये घातलेलं जस्त कमी भरलं, आणि जस्त काही वाफ होऊन उडून जात नाही. निष्कर्ष एकच: वरून दुसरं कुठलं तरी पातळ तेल पडत होतं.

"शौकतभाई, ऑइल कमी झालं की काय घालता?"

"कमी हुतच न्हाय की! रोज सकाळी मागांस्नी तेल घालतोय, तवा गाडीलाबी दोन घोट घालतोय. तिला काय उपाशी ठेवायची?"

त्यांनी लांब चोचीचा ऑइल-कॅन आणून दाखवला. मागाचं तेल. कापडावर डाग पडला तर धुऊन निघावा, म्हणून मुद्दाम पातळ केलेलं. मागासाठी उत्तम, इंजिनासाठी अगदीच निरुपयोगी.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आवं भाई, गाडीला काय धोतार इणाय लावायचं हाय व्हय?"

"तेल त्ये तेल, मिस्त्री! माझं माग ह्याच्यावरच पळत्यात की."

"मग तर बेअरिंग गेलंच असणार. खोलतोच."

"थांबा," मी म्हणाले. "आधी ऑइल बदलू, इंजिन तापवू आणि प्रेशर गेज लावू. गरम इंजिनात, गाडी जागेवर सुरू असताना, ऑइलचा दाब एक बारच्या वर राहिला तर बेअरिंग शाबूत. खाली गेला तर तुम्ही खोला, पाना मी धरते."

सिंथेटिक निर्दोष ठरलं होतं. तरीही मी या वेळी जाड मिनरल ऑइल निवडलं आणि मॅनेजरना फोनवर तसं कळवलं.

"आपण बरोबर ठरलो, आणि तुम्ही स्वस्त ऑइल विकताय?"

"सर, हे इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतं. म्हणून तर रोजचे दोन घोट त्यात मावतात. जळून जाणाऱ्या ऑइलला महागडे रेणू कशाला? आणि वरून घालायला त्याच ऑइलचा डबा मी इथे ठेवून जाते."

"बरं. रिपोर्ट नीट लिहा."

मिस्त्रींनी पातळ ऑइल काढलं, इंजिन एकदा नव्या ऑइलने धुऊन घेतलं, फिल्टर बदलला. जुन्या गाडीचं ऑइल ठरवताना वर्षं आणि किलोमीटर सगळेच विचारतात. घरात वरून काय ओततात, हा प्रश्न आता माझ्या यादीत पहिला आहे.

मिस्त्रींनी गेज जोडला. आम्ही इंजिन पुरतं तापू दिलं. शौकतभाईंनी गेजकडे पाठ केली होती. "काय म्हणतोय काटा?" त्यांनी तसंच विचारलं.

मी काचेवर टिचकी मारली. काटा एकच्या वर होता तिथेच स्थिर राहिला. मी नोंद केली: १.४ बार.