आत्याच्या गोळ्यांतलं औषध कुठे गेलं?

१९५७ चा मे महिना. आर्वीचे आमचे आतोबा भर दुपारी वर्ध्याला, मी डेमॉन्स्ट्रेटर होतो त्या कॉलेजच्या लॅबमध्ये येऊन उभे राहिले... आणि खिशातून एक पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

आत्याच्या अंगावर महिनाभर पित्त उठत होतं. दवाखान्यातल्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी काडीचा फरक नव्हता. "कंपाउंडर खोट्या गोळ्या देऊन राह्यला," आतोबा म्हणाले. "तू तपासून दे. दवाखान्याच्या कमिटीत मी आहोच, सोमवारी त्याले घरी बसवतो."

कंपाउंडर म्हणजे सुखदेव. आदल्या वर्षीच बौद्ध झालेला, घरात एकटा कमावता. संशय घ्यायला मला कधी कष्ट पडत नाहीत, स्वभावच तसा... मी मनात त्याला चोर ठरवून मोकळा झालो.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात ईथर बाटलीत राहायला तयार नसतं, म्हणून पहाटेच कामाला लागलो. गोळ्या कुटल्या, अल्कली घालून औषध ईथरमध्ये ओढून घेतलं, ईथर उडवलं आणि उरलेलं आम्लाने टायट्रेट करून औषध किती ते मोजलं. औषध निम्मंसुद्धा नव्हतं. पुन्हा केलं... तेच.

तरी माझा आतोबांवरही पुरता विश्वास नव्हता. न कळवता आर्वीला जाऊन दवाखान्याच्या बाटलीतल्या गोळ्या आणल्या आणि तपासल्या. त्यांत औषध पुरेपूर. म्हणजे बाटलीत खऱ्या, पुडीत खोट्या... अदलाबदल सुखदेवच करत असणार, दुसरं कोण?

शनिवारी त्याला रंगेहाथ धरायला गेलो. त्याने माझ्यासमोर गोळ्या काढल्या, पुडी बांधली आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. "तुमी काऊन आले ते मले समजते साहेब," तो म्हणाला. "आता घरापर्यंत पुडीवरची नजर हटवू नका."

नाही हटवली. घरी आत्याने पुडी वाटीभर पाण्यात रिकामी केली, गोळ्या बोटांनी चांगल्या खळबळल्या आणि ताटात घालून उन्हात ठेवल्या.

हे काय, म्हणून विचारलं. "रोजचंच आहे. त्याच्या हातचं तसंच कसं तोंडात घालू? बुद्ध झाला म्हणून हात बदलले काय त्याचे?"

वाटीतलं पाणी मी जिभेला लावलं. कडूजहर. आतोबांनी मला आणून दिलेल्या गोळ्याही अशाच धुतलेल्या. महिनाभर आत्याचं औषध मोरीतून वाहून जात होतं.

आतोबा ओसरीवरून ऐकत होते. सोमवारची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, पण दवाखान्यात जाऊन दोन शब्द बोलायचीही त्यांना गरज वाटली नाही.

मीच गेलो. सुखदेवला सगळं सांगितलं आणि म्हटलं, नव्या गोळ्यांची भुकटी करून दे, भुकटी कोणी धुऊ शकत नाही. तो खल पुढे ओढून बसला. खाली मान घालून खलात गोळ्या वाटत राहिला... मला तिथे उभं राहवेना.

मधातून भुकटी पोटात गेली आणि आठवड्याभरात पित्त बसलं. आत्याचा मला खास निरोप आला. "तू पकडलं म्हणून बरं झालं. आता कुठं खरं औषध देऊन राह्यला तो."

सुखदेव, तुमची नोकरी टिकली, बदनामी मात्र तशीच राहिली. तरी तुम्ही तिच्यासाठी ते औषध मुकाट्याने वाटून दिलंत... तेव्हा आभार मानायचं मला सुचलं नाही, आज मानतो.