धुतल्यावर उरलेला पिवळा रंग

फरीदाबादच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रभा सव्वीस वर्षं रक्त तपासत होती. गरोदर बायकांच्या नमुन्यांची प्लेट तिची विशेष लाडकी. शहाण्णव इवले खड्डे, बहुतेकांत एकेकीच्या रक्ताचा अंश. शेवटचं द्रावण पडलं की जिथे जुन्या संसर्गाची खूण असे, तो खड्डा पिवळा होई. सीएमव्ही नावाच्या विषाणूच्या प्लेटवर जवळजवळ सगळेच पिवळे. रुबेलाचेही पुष्कळ. मांजरांकडून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माचे मात्र विरळ, इथे एक, तिथे एक.

या बायकांना कधी काय होऊन गेलं, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नसे. शाळेत असताना आलेला दोन दिवसांचा ताप असेल, नाहीतर अंगावर उठून मावळलेलं पुरळ. एकदा टॉक्सोप्लाझ्माच्या प्लेटवर जागा उरली तेव्हा प्रभाने सहज स्वतःचं रक्त घातलं. पिवळं. दोन मुलं वाढवून झाली होती आणि हिला पत्ता नव्हता.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात तिच्या खालच्या मजल्यावर तेजश्री राहायची. तिसरा महिना. तिच्या टॉक्सोप्लाझ्माच्या रिपोर्टात जुन्या आणि नव्या संसर्गाच्या दोन ओळी होत्या, दोन्हींपुढे पॉझिटिव्ह. तिच्या नवऱ्याने, प्रतीकने, तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्या नातलगांनी निदान करून टाकलं. जिन्यातली मांजर पिशवीत घालून लोदी गार्डनला सोडण्यात आली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पायरीवर. प्रभाला हसू आलं. मग कळलं, सोमवारी गर्भ पाडायची वेळ घेतली आहे.

"डॉक्टर आणखी एक तपासणी करा म्हणाल्या होत्या," तेजश्री खाली मान घालून म्हणाली. "पण काकू, दोन्हीकडे पॉझिटिव्हच आहे ना, यार."

"त्यातलं जुन्याचं तर माझंही आहे."

"तुमचं?"

"हो. आणि ती नव्याची ओळ कधीकधी वर्षभरसुद्धा रेंगाळते. बाळाला भीती आत्ता झालेल्याची. तुझं आत्ताचं की पूर्वीचं, ते या कागदावरून कळत नाही."

"मग कशावरून कळतं?"

"धुऊन."

तिने समजावलं. रक्तातली नवी प्रतिद्रव्यं जंतूला सैल धरतात, तीव्र द्रावणाने धुतली की सुटून जातात. जुनी सोडत नाहीत. प्रतीकने विचारलं, नवं निघालं तर? तर औषधं आहेत, पुढच्या तपासण्या आहेत, डॉक्टर सांगतील, ती म्हणाली. पण कळू दे तर खरं.

शनिवारी दोन खड्डे शेजारी शेजारी. एक साधा, एक धुतलेला. दोन्हींत रक्त तेजश्रीचं. प्रभा एरवी या वेळी चहाला जाई. आज खुर्ची ओढून बसली. द्रावण पडलं. साधा खड्डा पिवळा झाला. धुतलेला क्षणभर तसाच, आणि मग तोही, जवळपास तितकाच पिवळा.

तिने आकडा दोनदा वाचला, सही केली, रिपोर्ट डॉक्टरांकडे धाडला. सांगणं तिचं काम नव्हतं. घरी जाताना मेट्रोत तिने फोन हातातच धरला होता.

जिना चढताना प्रतीकचा आवाज ऐकू आला. संसर्ग गरोदरपणाआधीचा आहे, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. तो दारात उभा राहून सोमवारची वेळ रद्द करत होता आणि पलीकडून कोणीतरी नोंदीसाठी कारण विचारत होतं.

"कारण?" तो अडखळला. तेजश्रीकडे बघितलं. "लिख दीजिए, बच्चा रख रहे हैं."