मोह की बिब्बा?

आता तुम्हाला कोणत्या शब्दांत सांगू! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि एक झाड ओळखण्याच्या नादात नातीचं लग्न मोडायची वेळ आणली.

केनवडला मुलाकडचं घर पाहायला गेलो होतो. मुलाचे वडील मला शेतात घेऊन गेले. हात लांब करून म्हणाले, "थे पाहा सर, मोहाचं झाड. माह्या बापानं राखेल हाये." तेवढ्यात फोन आला, म्हणून ते विहिरीकडे गेले.

मी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाकडे पाहिलं आणि जीव थाऱ्यावर राहीना. मोह? पानगळ अजून व्हायची होती. पानं फांदीच्या टोकाला झुबक्यानं, हे ठीक. पण मोहाचं पान टोकाला निमुळतं असतं. हे रुंद, बोथट, खालून राखाडी. बिब्बा तर नाही? की माझंच चुकतंय? बोलावं, तर होणाऱ्या व्याह्यांना खोटं पाडल्यासारखं. गप्प बसावं, तर झोप कशी लागायची?

म्हणून गुपचूप एक पान देठाशी तोडलं. मोहाला पांढरा चीक येतो. हा आला पाण्यासारखा. बिब्ब्याचा असेल तर काळा पडेल. वाट पाहता पाहता काळजीनं घाम फुटला, तो मी त्याच हातानं पुसला. कपाळ, मान, मिशी, सगळं. बोटं काळी पडली तेव्हा कुठे खात्री पटली. बिब्ब्याचा रस अंगावर उततो, हे मी वर्गात बजावून सांगायचो बरं का!

दुसऱ्या दिवशी तोंडाचा भोपळा झाला. आणि नेमकी त्याच दिवशी ती मंडळी वाशिमला आमच्याकडे आली. बायकोनं उष्णतेचं निमित्त सांगितलं. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे. चहा तसाच ठेवून सगळे निघून गेले.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन. "सर, राग नका मानू. हे तुमच्या घरात पिढीजात हाये काय?"

नात दारात उभी होती. तिला मुलगा मनापासून आवडला होता. मग काय, शंका, चीक, घाम, सगळं ओकलो.

"धुऱ्यावरच्या झाडाले कायले हात लावला सर? थो बिब्बाच हाये. मोह त्याच्या मांगं हाये. मी थो दाखवून राह्यलो होतो."

मग तेच हसून म्हणाले, "पोरगी पसंत हाये आमाले. फक्त बोलणी कराले याल तवा चष्मा बदलून या."

मी हो म्हणालो. चष्मा गेल्याच आठवड्यात नवा केला होता, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?