खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

त्या मशीनला प्रिंटर जोडलेला नव्हता आणि कधी जोडला जाणारही नव्हता. तरी सुरू होताना ते दर वेळी प्रिंटरची तयारी करायचं. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती. मी नाशिकमध्ये लिनक्सची छोटी-मोठी कामं करायचे आणि मला एकच वेड होतं: सर्व्हरवर गरजेपेक्षा एकही गोष्ट जास्त नको. आईने माझं कपाट पाहिलेलं असल्यामुळे ती म्हणायची, "हीच शिस्त जरा घरातही दाखव."

ते मशीन, म्हणजे एक जुना पीसी, मी पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये बसवलं होतं. आत बेदाण्याची खोकी असत आणि गारव्यासाठी अमोनिया वापरत. अमोनिया गळला की आधी डोळे आणि घसा जाळतो, जास्त झाला तर माणूस गुदमरून मरतो. कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीवर गॅस ओळखणारा सेन्सर होता. त्याची तार शेजारच्या ऑफिसात माझ्या जुन्या पीसीच्या मागे, एरवी प्रिंटरची जाड केबल लागते त्या जागी, आणि तिथूनच दुसरी तार भोंग्याला. गॅस दिसला की माझ्या प्रोग्रामने भोंगा वाजवायचा, एवढंच काम.

आणि हे सगळं खरं तर एका माणसासाठी होतं. कॉम्प्रेसर सांभाळणारे काका साठीला आले होते. अमोनियाजवळ जन्म काढून त्यांचं नाक कामातून गेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "ताई, बाकीच्यांना वास येतो, ते पळत्यात. मला नाय येत. डोळे चुरचुरले की मंग कळतं." भोंगा बसल्यावर ते दर सोमवारी अमोनियात भिजवलेलं फडकं सेन्सरखाली धरायचे. तो कोकलला की खूश होऊन कामाला लागायचे.

बसवताना मात्र भोंगा वाजेना. तासभर डोकं खाल्ल्यावर कारण सापडलं. लिनक्समध्ये एकेक उपकरण हाताळायला एकेक मॉड्यूल असतं, गाभ्याला जोडलं जाणारं छोटं पिल्लू म्हणा. सुरू होताना कोणकोणती घ्यायची याची एक यादी असते, आणि इन्स्टॉल करताना मला न विचारता त्या यादीत प्रिंटरचं मॉड्यूल गेलं होतं. ते पोर्टवर, म्हणजे केबल लागते त्या जागेवर, आधीच ठाण मांडून बसायचं. माझ्या प्रोग्रामला पोर्ट एकट्याला हवा असायचा. तो न मिळाल्यामुळे प्रोग्राम लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एक ओळ लिहून गुपचूप बंद पडायचा. मी चालू मशीनमधून एका आज्ञेने ते मॉड्यूल काढलं. भोंगा वाजला, टाळ्या पडल्या, चहा आला.

यादीतली ओळ खोडायची राहिली; मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की मॉड्यूल परत येऊन बसणार होतं. राहिली म्हणजे मला आठवत होती, पण पिंपळगावहून परतणारा टेम्पो उभा होता. यूपीएस आहे, जनरेटर आहे, हे मशीन बंद कशाला होतंय, पुढच्या खेपेला खोडू, असं म्हणून मी निघाले. पुढच्या खेपांना विसरले. दर खंडेनवमीला यंत्रं बंद करून पुजणाऱ्या नाशिकमध्ये वाढलेल्या मुलीने कुठलंही यंत्र वर्षभर बंद होणार नाही असं कसं धरून चालावं, हे मला अजून कळलेलं नाही.

खंडेनवमीला सकाळी आईने विळी, कात्री आणि शिवणयंत्र पुसून मांडलं. शेजारी माझे स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसले होते. "बंद कर ते. चालू हत्याराला हळदकुंकू लावायचं नसतं," ती म्हणाली. मी बंद केला. आरती झाल्यावर पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. त्यांत एक ओळ प्रिंटरच्या मॉड्यूलची होती. माझ्या घरी प्रिंटर होता, ती तिथे बरोबरच होती.

पिंपळगावच्या यादीत मात्र ती अजून होती, आणि तिथे ती असायला नको होती. आठवड्यापूर्वीच कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी फोनवर विचारलं होतं, "ताई, पूजेला तुमचा कॉम्प्युटर घटकाभर बंद केला तर चालंल ना?" आणि मी म्हणाले होते, "खुशाल करा. सुरू केलात की सगळं आपोआप चालू होईल."

मी तिकडे फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. सगळे पूजेत असणार. शेवटी गाडीची किल्ली घेतली. आई प्रसाद घेऊन दारापर्यंत आली, तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही.

द्वारका चौकापासून हायवेला झेंडूच्या माळा बांधलेले ट्रक, कुणालाच घाई नव्हती. आडगाव मागे पडेपर्यंत मी हँडल वळवत ट्रकांच्या फटींतून वाट काढत होते. ओझरच्या पुढे मी मोठमोठ्याने बडबडायला लागले: आज सोमवार नाही, आज कुणी फडकं धरणार नाही, कुणाला कळणार नाही. मला त्या काकांचं घर माहीत नव्हतं, घरी कोण कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता मला तेवढंच सुचत होतं. इतकी मी त्याआधी कधी घाबरले नव्हते. नंतरही नाही.

फाटकातून आत गेले तर अंगणात सतरंजीवर सगळे प्रसाद खात होते. मालक उठले. "या या, ताई, बरोबर टायमाला आल्या."

"काका कुठेत?"

"आत. पूजा झाली, कॉम्प्रेसर चालू केला न् बसलेत जवळ."

कॉम्प्रेसरच्या खोलीचं दार लावलेलं होतं. निरांजन विझू नये म्हणून पंखाही बंद केलेला. दार ढकललं आणि वास नाकात सुरीसारखा घुसला. हार घातलेल्या कॉम्प्रेसरपुढे धुपाटणं धुमसत होतं. काका स्टुलावर बसून नारळाचं खोबरं काढत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते टॉवेलने पुसायचे आणि पुन्हा खोबऱ्याला लागायचे. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. अंगणात आल्यावर ते वाकून इतके खोकले की मला वाटलं, आता हे सरळ व्हायचेच नाहीत.

दुसऱ्या कामगाराने मास्क लावून कॉम्प्रेसर बंद केला. शाफ्टच्या, म्हणजे फिरत्या दांड्याच्या, सीलमधून गळत होतं. थांबवून पुन्हा सुरू केलं की कधीकधी तसं होतं, असं नंतर समजलं.

पाणी प्यायल्यावर काका म्हणाले, "डोळे चुरचुरत व्हते. म्हनलं, धुपानं आसंल. भोंगा गप हाय ना, मंग कशाला उठायचं?"

"ताई देवासारख्या धावून आल्या," मालक म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ऑफिसात गेले. माझ्या पीसीवर झेंडूची माळ होती आणि बटणाशेजारी हळदकुंकवाची बोटं. लॉगमध्ये ती ओळ होती: पोर्ट मिळाला नाही. मी यादी उघडून प्रिंटरचं मॉड्यूल खोडलं. ते करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मग मशीन मुद्दाम बंद केलं, सुरू केलं, आणि दार उघडं ठेवून खोलीतला गॅस गेल्यावर काकांना फडकं आणायला सांगितलं. भोंगा वाजला. मी पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा वाजला.

"वाजतोय की चांगला," काका म्हणाले. "मंग मघाशी का नाय वाजला?"

तारेवर ढकलता आलं असतं, सेन्सरवर आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. मी म्हणाले, "काका, चूक माझी. तो वाजणारच नव्हता. एक गोष्ट खोडायची होती, मी खोडली नव्हती."

ते रागावले नाहीत. फडकं हातात तसंच धरून उभे राहिले.

"कधीपास्नं गप व्हता?"

"सकाळी पूजेला कॉम्प्युटर बंद केला तेव्हापासून."

त्यांनी कॉम्प्रेसरकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं.

"म्हंजी सकाळपास्नं मी एकलाच व्हतो का तिथं," ते म्हणाले.