हरलेल्या बाजूचा नळ

वाशीमच्या वृत्तपत्र कार्यालयात मी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर माहितीची चौकट लिहिली होती. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे अध्यक्ष निवडणारे सगळे प्रतिनिधी मिळतात; हरणाऱ्याला एकही नाही. दोनच राज्यं वाटणी करतात. त्याच आठवड्यात गावी गेलो आणि जेवताना आईला हे सांगितलं.

"मंग हरलेल्याची मतं कुठं जातेत?"

"कुठंच नाही. मोजतात, तेवढंच."

"येडे हायेत का ते लोक? आपल्या इथं तसं नाई."

आमचं गाव आसेगावजवळ. आदल्या दिवशीच सरपंचाचा निकाल लागला होता. विहारामागच्या आमच्या वस्तीनं उभा केलेला उमेदवार थोडक्यात हरला होता. तरी आई दारासमोर चर खणत होती. टाकीवरून नवी पाइपलाइन येणार होती, आणि आपल्यापर्यंत ती येईलच याची तिला खात्री होती. शेतातल्या विहिरीवरून पाण्याची गुंडी भरून आणणं तिच्या दुखऱ्या खुब्याला झेपत नव्हतं.

पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य हात वर करून सरपंच निवडत. आमच्या वस्तीचे दोनच सदस्य, पण त्यांच्याशिवाय कुणाचंच बहुमत होत नसे. हात वर करण्याआधी ते अट घालत. हातपंप असाच आला, विजेचे खांबही असेच आले. आता गाव थेट सरपंच निवडतं. आई जुन्याच हिशेबानं चालली होती: एवढी मतं घेतली, म्हणजे तेवढा वाटा मिळणारच.

शेजारचा रस्त्यावरून ओरडला, "काकू, नहर खोदून राह्यल्या का?"

"हो! तुह्या अंगणात धरण बांधतो, मंग पोहत राह्य!"

काही महिन्यांनी पाइपलाइन आली. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथून सरपंचाच्या गल्लीकडं वळली.

मी पुन्हा गावी आलो होतो तेव्हा ग्रामसभा भरली, आणि आई तिथं उभी राहिली. "आमच्याकडं काहून नाई?"

सरपंच नम्रपणे बोलले. "काकू, ज्यायनं निवडून देलं, त्यायचं पहिले करा लागते. तुमचं पुढच्या खेपेले पाहू."

"पुढच्या खेपेले मी राह्यली पाह्यजे नं!"

मागं कुणीतरी हसलं. सभा पुढच्या विषयावर गेली.

घरी येऊन मी चर बुजवायला फावडं घेतलं. वाशीमला चल, असंही म्हटलं.

"बुजवू नको," ती म्हणाली. "बुजवला की आपुनच म्हनलं, नाई पाह्यजे."

तिनं चरावर एक फळी टाकली. सकाळी त्या फळीवरून ती विहिरीकडं गेली. परतताना कमरेवर भरलेली गुंडी होती. फळी वाकली आणि अर्धं पाणी कोरड्या चरात सांडलं. मी हात दिला, तो तिनं धरला नाही. मातीत जिरणाऱ्या पाण्याकडं ती बघत राहिली.

"आपली मतं मोजली व्हती नं रे?"

"मोजली होती."

उरलेलं पाणी रांजणात ओतून ती पुन्हा विहिरीकडं निघाली.