उन्हात फिका पडलेला खडा

आमची आत्या दागिन्यात बसवायच्या खड्यांना पैलू पाडायची. लग्नाआधी मात्र ती खाणीवर कामाला होती, निवडीच्या शेडमध्ये. समोरून पट्टा सरकत जायचा, त्यावर फोडलेले दगड आणि दोन्ही बाजूंना उभ्या बायका. काळा दगड उचलून खाली टाकायचा, राखाडी-पांढरा पुढं जाऊ द्यायचा. त्या राखाडी दगडाचं नाव स्पोड्युमीन. आत्याच्या तोंडात ते काही बसेना, म्हणून तिनं त्याला ‘फळकूट’ म्हणायला सुरुवात केली, कारण तो फुटतो तो लाकडाच्या फळकुटासारखा, लांब आणि सपाट. हळूहळू सगळी शेड त्याला फळकूटच म्हणू लागली.

या दगडात लिथियम असतं. खाणीतून तो भट्टीत जायचा. तिथं तो भाजून, आम्लात मुरवून त्यातलं लिथियम काढायचे, आणि ते पुढं बॅटऱ्यांत नाही तर यंत्रांच्या वंगणात जायचं. थोडा दगड नुसता दळून भांड्यांच्या कारखान्यात जायचा. त्या कारखान्यात आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, भट्टीवर होते. विस्तवावरून उतरवून थेट गार पाण्यात बुडवली तरी तडकत नाहीत अशी काचेची भांडी तिथं व्हायची. पीठ त्याच दगडाचं. तापलं म्हणून ते भांडं फारसं फुगत नाही आणि गार झालं म्हणून आक्रसत नाही.

आतोबांना याचा भारी अभिमान. घरी कोणी आलं की चहा बाजूला राहायचा आणि हे शेगडीवरचं भांडं उचलून नळाखाली धरायचे. पाहुणे घाईनं मागं सरकायचे, भांडं मात्र ढिम्म. एकदा घाईत शेजाऱ्यांचं साधं काचेचं भांडं उचललं आणि नळाखाली धरल्याबरोबर त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. त्या दिवसापासून आतोबांनी कानाला खडा लावला.

“कुठला खडा? सांगा की, पैलू पाडून देते,” आत्या म्हणायची.

लग्न होऊन शहरात आल्यावर आत्या पैलू पाडायच्या कामाकडं वळली. पट्ट्यावर कधीमधी त्या राखाडी दगडांत एखादा गुलाबी, आरपार दिसणारा तुकडा यायचा. तोही स्पोड्युमीनच, फक्त रत्नाच्या तोलाचा. त्याला कुंझाइट म्हणतात. मुकादम तो बाजूला काढायचा आणि शहरातला एक सराफ घेऊन जायचा. त्याच सराफाच्या दुकानामागं पैलू पाडायची खोली होती. आत्या सरळ तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी हे दगड उचललेत. आता त्यांचं पुढं काय होतं ते शिकायचंय.” मालकांना गंमत वाटली. त्यांनी ठेवून घेतलं.

खोलीत दोन जुने कारागीर होते. बाकी कुठलाही दगड ते हातात घ्यायचे, पण कुंझाइट म्हटलं की दोघांनाही नेमकं दुसरं काम आठवायचं. कारण हा दगड मोठा लहरी. आडवा धरून बघितला तर जवळजवळ पाण्यासारखा, आणि लांबीच्या टोकाकडून आत बघितलं की गुलाबी. म्हणजे रंग हवा असेल तर खड्याचं तोंड त्या टोकाकडंच ठेवावं लागतं. पण दगड फुटतो तो नेमका त्याच लांबीच्या रेषेत. चाकावर जरा जास्त दाब पडला किंवा खडा थोडा तापला, की उभा चिरतो.

आत्याचा पहिला कुंझाइट असाच चिरला. दुसराही. मालकांचे खडे बोल ऐकून ती घरी आली आणि जेवलीच नाही. आतोबा म्हणाले, “सोड की. दगडच तो.” ती म्हणाली, “दगड आहे म्हणूनच सोडत नाही.” तिसऱ्या वेळी तिनं चाकाचा वेग कमी केला, पाण्याची धार वाढवली, आणि मधूनमधून ती खडा काढून गालाला लावून बघायची, तापलाय का म्हणून. एका खड्याला इतके दिवस लागले की जुन्या कारागिरांनी तिची चेष्टा करायचंही सोडून दिलं. शेवटी खडा झाला. बोराएवढा, लंबगोल, आत बघावं तर गुलाबी उजेड भरून ठेवल्यासारखा. तो अंगठीत बसला आणि एका ट्रकड्रायव्हरनं आपल्या बायकोसाठी नेला. त्या दगडाचं उरलेलं टोक आत्यानं डबीत घालून खणात ठेवलं. पहिला जमलेला खडा, म्हणून.

बरीच वर्षं गेली. आत्याचे केस पांढरे व्हायला लागले. कुंझाइट आला की आता दुसरं कोणी हात लावायचं नाही, तो तिच्याच चाकावर जायचा. आणि एक दिवस पुढच्या दुकानात मोठी खडाजंगी ऐकू आली.

आत्या बाहेर आली तर काउंटरपाशी एक उंच, वाकलेले गृहस्थ. तोच ट्रकड्रायव्हर, आता म्हातारा झालेला. लांबचे ट्रक सोडून आता गावातल्या गावात छोटा टेंपो चालवायचे. बायको मागच्या वर्षी गेली होती. तिची अंगठी मुलीला द्यावी म्हणून पेटी उघडली, तर आतला खडा पांढराफटक.

“मी गुलाबी खडा नेला होता,” ते म्हणत होते. “मधे अंगठी तुमच्याकडं दुरुस्तीला टाकली होती तिनं. तेव्हा बदललात तुम्ही. ही काच आहे, काच!”

मालकांचा चेहरा पडला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती आणि दोघंही टक लावून बघत होती. मालक हळू आवाजात म्हणाले, “काका, बसा तरी. आपण नवा खडा बसवून देऊ. गुलाबी, अगदी तस्सा.”

“नको,” आत्या म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडं बघितलं.

“नवा बसवला म्हणजे आपण बदलला होता असंच झालं की, मालक.” तिनं भिंगाखाली खडा धरला. “काका, हा मी घासलाय. माझा पहिला जमलेला. कडेचा हा पैलू जरा तिरका गेलाय बघा, तो अजून तसाच आहे.”

“आणि रंग? रंग काय उडून गेला?”

“हो. उन्हानं उडतो याचा.”

ते हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. “दगडाचा रंग उन्हानं उडतो? कापड आहे का ते? ताई, मी आयुष्यभर रस्त्यावर काढलंय, मला काही सांगू नका.”

आत्यानं वाद घातला नाही. आत जाऊन ती डबी घेऊन आली. त्यातला तुकडा गिऱ्हाइकांसमोरच काउंटरवर ठेवला, त्यावर पातळ पातं धरलं आणि लहान हातोडीनं हलकेच टिचकी मारावी तसं मारलं. तुकड्याचे उभे दोन भाग झाले, चिरलेल्या फळीसारखे सपाट. दोन्ही सारखेच गुलाबी.

“हा तुमच्या खड्याच्याच दगडाचा तुकडा. दोन्ही भाग तुम्हीच घेऊन जा,” ती म्हणाली. “एक घरी कपाटात ठेवा, बंद डबीत. दुसरा टेंपोत काचेमागं ठेवा, दिवसभर ऊन लागेल असा. माझ्या हाताशी काहीच ठेवू नका. मग या.”

काकांनी दोन्ही तुकडे उजेडात धरून बघितले. मग रुमालात एक बांधला, दुसरा खिशात टाकला, आणि अंगठीही परत घेऊन निघून गेले. मालक म्हणाले, “बाई, आता हा माणूस काही परत यायचा नाही. गावभर आपलं नाव घेत फिरेल.”

“फिरू दे. फिरताना टेंपोत ऊन लागेलच.”

पण मनातून ती धास्तावली होती. आतोबांना म्हणाली, “तुकडा नाहीच फिका पडला तर?” प्रत्येक दगड सारखा नसतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एखादा लवकर उडतो, एखादा वर्षानुवर्षं तग धरतो. त्या उन्हाळ्यात ढगाळ दिवस आला की आत्याची चिडचिड व्हायची, आणि आम्हाला कळायचं नाही की या बाईला सावलीचा एवढा राग का.

काका आले ते उन्हाळा उतरायला लागल्यावर एका दुपारी. या वेळी आवाज नाही, काही नाही. सरळ आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, “येऊ का?” आत्यानं चाक बंद केलं आणि स्टूल पुढं केलं. त्यांनी रुमाल सोडला. एक भाग गुलाबी, होता तसा. दुसरा फिका, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तेवढाच रंग उरलेला. शेजारी त्यांनी अंगठी ठेवली.

“मी बोललो त्याचं वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले.

“नाही काका. खरं म्हणजे चूक आमचीच. विकतानाच सांगायला हवं होतं, उन्हात घालू नका म्हणून. आम्ही कधी सांगितलंच नाही.”

पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. अंगठी बोटांत फिरवत ते म्हणाले, “ताई, एक सांगा. नुसती घरात ठेवली असती तर गेला असता का रंग?”

“पेटीत? नाही. हा तुकडा बघा ना.”

“आणि घरातल्या घरात घातली असती तर?”

“इतका पांढरा नसता झाला. याला चांगलं ऊन लागलंय. रोजचं.”

काकांनी अंगठी पुन्हा तुकड्यांशेजारी ठेवली. मग एकदम बोलायला लागले, कोणी विचारलं नव्हतं तरी. ते ट्रकवर असायचे, पंधरवड्यानं घरी यायचे. घरी आले की अंगठी दिसायची ती स्वयंपाकघरात, मोरीजवळच्या बशीत. बायकोच्या बोटात कधीच नाही. त्यांना वाटलं, आवडली नाही. विचारलं नाही. ती पीठ मळत असायची, भांडी घासत असायची, त्यांच्यासाठी काही ना काही करत असायची. पुन्हा दागिना म्हणून त्यांनी काही आणलंच नाही. आपली निवड चुकली, असं समजून सोडून दिलं, त्या बशीकडं पुन्हा नीट बघितलंही नाही.

“कामाला कुठं जायच्या त्या?” आत्यानं विचारलं.

“रोपवाटिकेत. रोपं लावायची, कुंड्या भरायच्या. दिवसभर बाहेर.”

आत्या चमकली. “मातीकाम? थांबा, थांबा. एक अंगठी मला आठवतेय, दुरुस्तीला आली होती. खडा धरणाऱ्या नख्यांखाली माती घट्ट बसली होती. मऊ ब्रशनं काढता काढता माझा अर्धा दिवस गेला. मी म्हटलं होतं, ही बाई अंगठी घालून बागकाम करते की काय! ती हीच. तेव्हा नख्यांकडंच बघत बसले, खडा भिंगाखाली धरलाच नाही.”

काकांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. आत्या उठली, पेल्यात पाणी ओतलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि उगाचच चाकावरची धूळ पुसत बसली.

थोड्या वेळानं मालक दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते म्हणाले, “काका, आम्ही आधी सांगितलं असतं तर त्यांनी जपून ठेवली असती. आमचं चुकलं.”

“छे,” काका डोळे पुसत म्हणाले. “तिनं नसती ठेवली. तुम्ही ओळखत नाही तिला.” आणि हसले. या वेळचं हसणं बरं होतं.

मालक पुन्हा नव्या खड्याचं बोलले. काकांनी ऐकून घेतलं नाही. एक नखी ढिली झाली होती तेवढी आत्याकडून बसवून घेतली. मुलीनं तीच अंगठी तशीच, पांढऱ्या खड्यासकट घातली. दुकानात मात्र तेव्हापासून कुंझाइट घेणाऱ्याला आधी सगळं समजावून सांगायचं, असं ठरलं. मालक कुरकुरले, “अशानं कोण घेईल?” काहींनी खरंच घेतला नाही. काहींनी हसून घेतला, संध्याकाळी घालायचा म्हणून.

काका पुढं त्या रोपवाटिकेत जाऊन आले. तिथल्या बायकांना अंगठी पाठ होती. एक म्हणाली, “मातीत हात घालायच्या आधी ती खडा आतल्या बाजूला फिरवायची, आणि तुमच्या ट्रकचं काही बोलणं निघालं की बाहेरच्या बाजूला. आणि ते तर दिवसभर निघायचं.” हे त्यांनी आत्याला सांगितलं तेव्हा मीही तिथं होतो. टेंपो त्यांनी भाच्याला देऊन टाकला आणि सकाळची वेळ ते रोपवाटिकेत घालवू लागले. नळी धरायची, कुंड्या हलवायच्या, बायकांच्या शिव्या खायच्या.

एकदा ते आत्यासाठी एक रोप घेऊन आले. “तुमच्या खोलीच्या खिडकीत ऊन फार आहे,” म्हणाले, “दगडाला चालत नसलं तरी याला चालतं.” आत्यानं ते खिडकीत ठेवलं. पहिल्या महिन्यात तिनं हौसेनं इतकं पाणी घातलं की पानं पिवळी पडली, आणि काका येऊन चांगलेच रागावले. मग तिनं हात आखडता घेतला. आता ते चांगलं खिडकीभर झालंय.