ठाण्यात माझ्याशेजारी बसलेल्या रत्नाताई

रविवारची सकाळ होती. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला समुद्राकाठी माझी मुलगी ईरा सायकल दामटत पुढे गेली होती आणि मी मागून चालत होते, तेव्हा रत्नाताईंच्या यजमानांचा, मेश्रामकाकांचा मेसेज आला. ‘रत्ना सकाळी गेली. शांतपणे गेली.’ मी जवळच्या बाकावर बसले. ईरा वळून आली, माझा चेहरा पाहिला आणि सायकल गवतावर आडवी टाकून तिने विचारलं, ‘‘रत्ना आजी?’’ मी मान हलवली. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘‘शी वॉज सो फिअर्स, ला...’’ मला हसू आणि रडू एकदमच आलं. आजारपण चार महिन्यांचं. काय होणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, ताईंना तर सगळ्यात आधी, कारण स्वतःचे रिपोर्ट त्यांना वाचता येत होते. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून इतके दिवस टाळत होते.

रत्नमाला मेश्राम मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या आणि नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं काम करत राहिल्या. मी त्यांना भेटले ती पेशंट म्हणून. मला सारखी चक्कर येत होती, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. रक्त घेणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती म्हणून ताई स्वतः बाहेर आल्या. चिठ्ठीवरचं आडनाव वाचून त्यांनी मराठीत विचारलं, ‘‘पुण्याच्या का?’’ मी हो म्हणाले. त्यांनी माझी बाही वर सरकवली आणि त्यांचा हात थांबला. दंडावर चार बोटांचे वळ होते, निळे, कडेला पिवळे पडत चाललेले. त्यांनी शांतपणे रक्त घेतलं, कापूस दाबून धरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘पडलीस की पाडलं?’’

तोवर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारायला हवा होता तो आठवडाभरापूर्वी, पोलीस ठाण्यात. बुकित तिमाह भागातल्या आमच्या कॉन्डोमधल्या फ्लॅटमधून मी भर दुपारी टॅक्सीने तिथे गेले होते. नवऱ्याने मला स्वयंपाकघरातल्या कपाटावर ढकललं होतं, ईराच्या समोर. काउंटरवरचा अधिकारी उद्धट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. पाणी दिलं, ‘मॅडम, मॅडम’ म्हणाला. रक्त येतंय का, हाड मोडलंय का, एवढं विचारलं. दोन्ही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडून नवऱ्याचा नंबर घेतला आणि मला वाटलं, आता त्याला जाब विचारणार. त्याने नवऱ्याला मला घेऊन जायला बोलावलं. वीस मिनिटांत नवरा आला, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर काळजी. ‘‘ऑफिसचं टेन्शन आहे हो तिला,’’ असं त्याने इंग्रजीत सांगितलं. दोघांनी हात मिळवले. ‘‘घरी जाऊन शांतपणे बोला, नवरा-बायकोत होतंच,’’ असं मला सांगण्यात आलं. घरी येऊन दार लावल्यावर नवरा म्हणाला, ‘‘झालं समाधान?’’ दंडावरचे वळ त्या दिवसाचे.

हे सगळं मी ताईंना हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये सांगितलं, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी डबा उघडलाच नाही. रडण्यासाठी मला पुरेसा वेळ दिला आणि मग कामाचं बोलायला लागल्या. ‘‘हे बघ मेधा, आमच्याकडे नळीवर लेबल नसेल ना, तर रक्त कितीही खरं असलं तरी फेकून देतात. तुझ्या त्रासावर लेबल नाही. तारीख, वेळ, जागा, कुणी पाहिलं... चारच गोष्टी. आजपासून लिही.’’ त्या दुपारी त्यांनी मला वर नेऊन एका डॉक्टरीणबाईंकडून वळांची रीतसर नोंद करून घेतली. निघताना मी म्हणाले, ‘‘ईराचा इथे राहण्याचा पास त्याच्या नावावर आहे, ताई. तो म्हणतो, सोडून गेलीस तर पोरगी इथेच राहील.’’ ‘‘काहून घाबरतेस? पास कागदाचा असतो. कागद बदलता येतात,’’ त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी मी ईराला घेऊन ईस्ट कोस्टला एका खोलीत राहायला गेले. माझी स्वतःची नोकरी होती म्हणून ते जमलं, नोकरी नसलेल्या बायकांचं काय होतं ते नंतर ताईंबरोबर अशा बायकांसाठी हिंडताना पाहिलं. वाटलं, सुटले. पण मारणारा माणूस आता मागे येणारा माणूस झाला होता. ऑफिस सुटलं की तो एमआरटी या इथल्या मेट्रोच्या दाराशी उभा. ईराची स्कूल बस थांबते तिथे उभा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही, फक्त हसायचा. मी पुन्हा ठाण्यात गेले. ‘‘सार्वजनिक जागा आहे, मॅडम. उभं राहणं गुन्हा नाही,’’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी ताई म्हणाल्या, ‘‘मी येते.’’

त्या शनिवारी आम्ही दोघी ठाण्यातल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. ताई साडी नेसून आल्या होत्या, एरवी त्या पँट-शर्टात असत. काउंटरवरच्या माणसाने पुन्हा तेच सांगायला सुरुवात केल्यावर ताईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. तुम्ही तक्रार घेत नाही, असं मला लिहून द्या. खाली तुमचं नाव. मी थांबते, मला घाई नाही.’’ आवाज चढवला नाही. पिशवीतून केळं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. दीड तास आम्ही बसून होतो. शेवटी आतून एक सार्जंट बाई आल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी माझ्या हातातली नोंदींची वही मागितली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. दुसऱ्या पानाला खुर्ची ओढून बसल्या. सदतीस नोंदी होत्या. एकही न गाळता त्यांनी वाचल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे उभं राहणं नाही. हा पाठलाग आहे.’’ मग मला विचारलं, ‘‘आज तुम्ही घरी कशा जाणार आहात?’’ इतके महिने मी या एका प्रश्नाचीच वाट पाहत होते.

त्यानंतरचं सोपं नव्हतं, पण सरळ झालं. कोर्टातून संरक्षणाचा आदेश मिळाला. तरीही एकदा तो शाळेच्या फाटकाशी आला. मी फोन केला आणि या वेळी दहा मिनिटांत दोन पोलीस आले आणि त्याला गाडीत बसवून घेऊन गेले. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, तो भारतात परतला. ईराचा पास माझ्या नावावर झाला, त्या दिवशी ताईंनी हॉकर सेंटरमधल्या एका स्टॉलवर आम्हाला आइस कचांग खाऊ घातला, बर्फाच्या त्या रंगीत डोंगराला ईराने आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी बोगदे पाडले.

एकदा मी विचारलं, ताई, तुम्ही हे का करता? मला वाटलं होतं, काहीतरी विचाराचं सांगतील. त्यांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर होती, पुस्तकांची कपाटं होती. त्या म्हणाल्या, ‘‘इथे नवीन होते तेव्हा आपल्यातलीच एक बाई माझ्या दाराशी आली होती, तोंड सुजलेलं. मी तिला चहा दिला, समजावलं आणि स्वतः टॅक्सीने तिच्या घरी सोडून आले. जबडा मोडला नवऱ्याने तिचा, त्याच आठवड्यात. ती देशात परत गेली. पत्र टाकलं, उत्तर आलं नाही... त्या पोलिसाने तुझं जे केलं ना, तेच मी केलं होतं. वाईट माणूस नव्हते मी. मला फक्त विचारायचं कळत नव्हतं.’’ म्हणूनच असेल, पोलिसांवर त्या नुसत्या चिडत नसत. त्यांना माणसं शिकतात यावर विश्वास होता. सार्जंट बाईंच्या ओळखीने त्या दोनदा ठाण्यातल्या नव्या भरतीच्या मुलांशी बोलायलाही गेल्या. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हेच. नवऱ्याला फोन करण्याआधी बाईला विचारा, घरी जायची भीती वाटते का.’’

अंत्यसंस्काराच्या वेळी त्रिशरण-पंचशील झालं. हॉलमध्ये मला नावाने माहीत नसलेल्या कितीतरी बायका होत्या. एक फिलिपिनो नर्स, एक तमिळ आजी, कडेवर बाळ घेतलेली एक चिनी मुलगी. मागच्या रांगेत साध्या कपड्यात सार्जंट बाई बसल्या होत्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘आमच्याकडचे काही जण आता तो प्रश्न विचारतात.’’ काही जण, सगळे नाहीत. ताईंना एवढं पुरलं नसतं, त्या उरलेल्यांकडे केळं घेऊन जाऊन बसल्या असत्या.

गेल्या शनिवारी काकांकडे गेले होते. त्यांनी पोहे केले होते, जरा तिखट झाले होते. खिडकीपाशी ताईंचा मोबाइल चार्जिंगला लावलेला दिसला. मी काही विचारण्याआधीच काका म्हणाले, ‘‘बंद करवत नाही गं. रोज सकाळी लावतो. कुणाकुणाकडे हाच नंबर असेल...’’ मी बशा धुवायला उठले आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता. काकांनी तो उचलला, पलीकडचं ऐकलं. ‘‘ताई आता नाहीत, बेटा,’’ ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, ‘‘थांब, थांब, ठेवू नकोस!’’ आणि फोन माझ्यासमोर धरला.

मी ओले हात ओढणीला पुसले, फोन कानाला लावला. पलीकडे कुणीतरी रडू आवरत होतं.

‘‘बोल,’’ मी म्हणाले. ‘‘आत्ता तू कुठे आहेस?’’